टॅग, रिलीज आणि डेटाबेस बॅकअप: लहान ऑफिससाठी कमांड लाइनवरची मांडणी

मोंढा_टर्मिनल (लातूर)

मंडळी, सल्ला पाहिजे. अडत दुकानांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे: आवक, सौदा, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशोब), हमाली-तोलाई, खरेदीदाराची उधारी. तिघं प्रोग्रामर. कोड गिटहबवर, मोठ्या गिऱ्हाइकांच्या रेपो (कोडची इतिहासासकट साठवण) वेगवेगळ्या, एकूण चाळीसेक. मुख्य डेटाबेस पोस्टग्रेस १६, ऑफिसातल्या उबुंटू २२.०४ सर्व्हरवर डॉकर कंटेनरमध्ये, साधारण ६ जीबी. जुनी गिऱ्हाइकं मात्र अजून दुकानातल्या विंडोज मशीनवर मायएसक्यूएल चालवतात.

रिलीज म्हणजे सध्या झिप करून पाठवायची. बॅकअप रोज रात्री २ ला क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन), पीजी_डंपनं डेटाबेस फाइलीत उतरवून:

० २ * * * पीजी_डंप अडत | जीझिप > /बॅकअप/अडत-$(डेट +%एफ).एसक्यूएल.जीझेड

नेटचा अपलोड खरा म्हणाल तर २ मेगाबिट. लाईटचं सांगायलाच नको. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आहे, मोंढा (धान्यबाजार) एकदा भरला की दिवसा सर्व्हरला हात लावता येत नाही. त्याआधी रेपो, रिलीज आणि बॅकअप हे तिन्ही शिस्तीत बसवायचंय. महागडी सेवा नको, कमांड लाइनवरची साधनं सांगा.

बालाघाट_बॅश (बीड)

दादा, रिलीजचं मागून बघू. आधी ती क्रॉनची ओळ बघा.

क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. ते तसंच लिहिलं तर शेलला कमांड तिथपर्यंतच मिळते, कंस उघडा राहतो आणि काहीच चालत नाही. एक तर टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर सगळं स्क्रिप्ट फाइलमध्ये टाकून क्रॉनमधून फक्त फाइल बोलवा. दुसरा रस्ता बरा, कारण क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो आणि टर्मिनलवर चालणारी कमांड तिथं सापडत नाही.

त्याहून वाईट म्हणजे तो पाइप, एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ. पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडचा धरतात. पीजी_डंप पहिल्याच सेकंदाला आपटला तरी जीझिप रिकाम्या इनपुटची नीट गुंडाळी करून शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, परत देतो. स्क्रिप्ट म्हणते झालं, क्रॉन म्हणतो झालं, आणि फोल्डरमध्ये २० बाइटची फाइल पडलेली असते. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल बरोब्बर २० बाइटची भरते, त्यामुळे ‘एलएस -एल’च्या यादीत ती लगेच ओळखू येते. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ईयूओ पाइपफेल’ हवंच, म्हणजे पाइपातली कुठलीही कमांड फसली की स्क्रिप्ट थांबते, आणि पहिली ओळ बॅशची हवी. उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश, तिथं पाइपफेलवर भरवसा ठेवू नका.

खरं तर इथं पाइपच नको. पोस्टग्रेसचा कस्टम फॉरमॅट स्वतःच दाबून लिहितो:

पीजी_डंप --फॉरमॅट=कस्टम --कंप्रेस=झेडएसटीडी:३ --फाइल=/बॅकअप/अडत.टीएमपी अडत

झेडएसटीडी १६ पासून चालतं. फाइल आधी .टीएमपी नावानं लिहा, कमांड शून्य परत आली की ‘सिंक’ करा आणि मग ‘एमव्ही’नं खरं नाव द्या. एकाच फाइलसिस्टममध्ये एमव्ही एका झटक्यात होतं, म्हणून खऱ्या नावाची फाइल दिसली की डंप पूर्ण झाला असं समजायला हरकत नाही. डंपच्या मध्येच लाईट गेली तर मागं फक्त .टीएमपी राहतं, ते पुढच्या वेळी उडवायचं.

मी पर्याय लांब नावानं लिहितोय ते मुद्दाम. स्क्रिप्टमध्ये तसंच लिहावं. पीजी_डंपमध्ये लहान सी म्हणजे क्लीन आणि मोठा सी म्हणजे क्रिएट. रात्री २ वाजता रिस्टोअर करताना हा फरक डोळ्याला दिसत नाही.

मोंढा_टर्मिनल (लातूर)

बालाघाट दादा, ओळ स्क्रिप्ट फाइलमध्येच आहे, इथं जोडून लिहिली. म्हणजे टक्क्याचा प्रश्न मिटला, पाइपचा राहिला. पीजी_डंप कंटेनरच्या बाहेरून, होस्टवरून चालतो. त्यानं काही फरक?

वेरूळ_रूट (छत्रपती संभाजीनगर)

फरक पडतो, आणि मोठा पडतो. उबुंटू २२.०४ च्या स्वतःच्या भांडारात पोस्टग्रेस १४ आहे. कंटेनरमध्ये सर्व्हर १६ आणि होस्टवर क्लायंट १४ असेल तर पीजी_डंप ‘सर्व्हर व्हर्जन मिसमॅच’ म्हणून थांबतो. जुना पीजी_डंप नव्या सर्व्हरचा डंप घ्यायचा प्रयत्नसुद्धा करत नाही. उलटं, म्हणजे नवा क्लायंट आणि जुना सर्व्हर, चालतं. यात वरचा पाइप घाला: रोज रात्री २० बाइट, कुठंही बोंब नाही. आत्ताच ‘पीजी_डंप --व्हर्जन’ आणि ‘सिलेक्ट व्हर्जन()’ दोन्ही ताडून बघा.

गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण याच जातीचं आहे. चुकून मुख्य डेटाबेसचीच फाइल-डिरेक्टरी उडवली गेली. बॅकअपकडे गेले तर सर्व्हर ९.६ चा आणि डंप घेणारी स्क्रिप्ट ९.२ चा क्लायंट उचलत होती, त्यामुळे बॅकअपची बकेट रिकामी. अपयशाच्या मेल जात होत्या, पण सहीच्या तपासणीत अडकून परत फेकल्या जात होत्या. सुमारे सहा तास आधी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून त्यांनी डेटा परत आणला. मधल्या काळातले अंदाजे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली. गिटच्या रेपो शाबूत होत्या, गेला तो डेटाबेस. कोडच्या प्रती प्रत्येकाच्या मशीनवर असतात, पट्टीच्या नोंदी तशा नसतात.

उपाय दोन. पोस्टग्रेसचं स्वतःचं एपीटी भांडार जोडून क्लायंट १६ बसवा, किंवा ‘डॉकर एक्झेक’नं कंटेनरमधलाच पीजी_डंप चालवा. दुसऱ्यात एक खाच आहे: डॉकर एक्झेकला -टी देऊ नका. टर्मिनल जोडलं की ओळीच्या शेवटी जादा अक्षर घुसतं आणि कस्टम फॉरमॅटची बायनरी फाइल कामातून जाते. डंप होतो, रिस्टोअर होत नाही.

अजून एक. पीजी_डंप एकाच डेटाबेसपुरता असतो. यूजर, रोल आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. त्यासाठी सोबत ‘पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली’ घ्या. दोनचार केबीची फाइल, पण ती नसली तर नव्या मशीनवर रिस्टोअर करताना ‘रोल डज नॉट एक्झिस्ट’चा पाऊस पडतो.

गोदाकाठ (नांदेड)

रिलीजवर येतो. झिप करून पाठवणं बंद करा, कारण गिऱ्हाइकाकडं नेमका कुठला कोड चाललाय हे झिपवरून कळत नाही.

टॅग म्हणजे कोडच्या एका स्थितीला दिलेलं नाव. तो लावताना ॲनोटेटेडच (माहितीसकट) लावा: ‘गिट टॅग --ॲनोटेट व्ही१.४.० --मेसेज ...’. नुसतं ‘गिट टॅग व्ही१.४.०’ केलं तर हलका टॅग बनतो, त्यात कोणी आणि कधी लावला ते नसतं, आणि ‘गिट डिस्क्राइब’ (जवळचा टॅग सांगणारी कमांड) तो मुळात धरत नाही. टॅग साध्या ‘गिट पुश’नं वर जात नाहीत. ‘पुश.फॉलोटॅग्ज’ ही सेटिंग ट्रू करून ठेवा, मग ॲनोटेटेड टॅग सोबत जातात. हलके तेव्हाही जात नाहीत.

गिटहबचं कमांड लाइन साधन जीएच. त्यात ‘जीएच रिलीज क्रिएट व्ही१.४.०’ मारलं आणि तो टॅग ना तुमच्या मशीनवर ना गिटहबवर असेल तर ते नकार देत नाही. मुख्य शाखेच्या सगळ्यात ताज्या स्थितीवर स्वतःच टॅग ठोकून मोकळं होतं. तुमच्या तिघांपैकी कोणी मधल्या काळात काही ढकललं असेल तर तेही रिलीजमध्ये. म्हणून ‘--व्हेरिफाय-टॅग’ कायम द्या, टॅग नसला तर तिथंच थांबतं. आधी ‘--ड्राफ्ट’, फाइल चढवून तपासल्या की मग खुलं करायचं. सोबत एसएचए२५६समची फाइल चढवा, म्हणजे दुकानात पोचलेली फाइल अर्धवट उतरली का ते एका कमांडीत कळतं.

पाठवायची फाइल ‘गिट आर्काइव्ह’नं काढा, फोल्डर झिप करून नको. आर्काइव्हमध्ये फक्त कमिट झालेलं येतं. फोल्डरच्या झिपमध्ये .एनव्ह फाइल (सेटिंग आणि पासवर्डची), लॉग आणि कुणाच्या तरी चाचणीचा खरा डेटा, सगळं जातं. चाचणीच्या फाइल वगळायच्या असतील तर .गिटॲट्रिब्यूट्समध्ये ‘एक्सपोर्ट-इग्नोर’.

बिल्ड करताना ‘गिट डिस्क्राइब --ऑलवेज --डर्टी’चा निकाल सॉफ्टवेअरच्या ‘माहिती’ पानावर छापा. व्ही१.४.०-७-जी३सी९... असं दिसलं तर समजायचं, टॅगनंतरच्या सातव्या कमिटवर आहे. शेवटी डर्टी आलं तर कोणीतरी कमिट न करता बिल्ड केलंय, ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. विषय संपला.

खिडकीवाला (परभणी)

गोदाकाठ भाऊ, छोटी दुरुस्ती राहिली असेल तर टॅग पुढं सरकवून परत ढकलला तर काय बिघडतं? तीनच माणसं आहेत ऑफिसात.

गोदाकाठ (नांदेड)

तिघांत सुद्धा बिघडतं. ज्यानं जुना टॅग ओढलाय त्याचं ‘गिट फेच --टॅग्ज’ ‘वुड क्लॉबर एक्झिस्टिंग टॅग’ म्हणत अडतं, आणि तो माणूस तो संदेश न वाचता जुन्याच टॅगवरून बिल्ड काढतो. आता व्ही१.४.० नावाचे दोन वेगळे कोड दोन दुकानांत. आकडे काय महाग झालेत का? व्ही१.४.१ काढा.

तेरणा (धाराशिव)

रेपोंच्या बॅकअपचं कोणी बोललं नाही. चाळीस रेपो आहेत म्हणता, तर एक गोष्ट आधी सांगते: ‘जीएच रेपो लिस्ट’ मुळात ३० च रेपो दाखवते. तिच्या निकालावर फिरणारी स्क्रिप्ट लिहिली की उरलेल्या दहा रेपो कधीच उतरत नाहीत, आणि चूक म्हणूनही काही दिसत नाही. ‘--लिमिट २००’ द्या आणि शेवटी मोजणी छापा.

उतरवायला ‘गिट क्लोन --मिरर’, नंतर रोज ‘गिट रिमोट अपडेट’. त्याला ‘--प्रून’ जोडताना विचार करा. मिरर म्हणजे समोर जे आहे तेच इकडं. तिकडं कोणी शाखा उडवली किंवा फोर्स पुश केला (जुना इतिहास पुसून जबरदस्तीनं ढकललं), तर मिरर आज्ञाधारकपणे तुमच्याकडूनही ती हलवतो. म्हणून आठवड्याला एकदा ‘गिट बंडल क्रिएट नाव-तारीख.बंडल --ऑल’ करा. एका फाइलीत सगळ्या शाखा, सगळे टॅग, पूर्ण इतिहास. पेनड्राइव्हवर टाका, कुठंही ‘गिट क्लोन नाव.बंडल’ करून रेपो उभी राहते, नेट लागत नाही. फाइल घेतल्यावर ‘गिट बंडल व्हेरिफाय’.

बंडलमध्ये काय येत नाही तेही लक्षात असू द्या: एलएफएसमधल्या मोठ्या फाइल, हुक (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट), गिटहबवरचे इश्यू आणि रिलीजला चिकटवलेल्या फाइल. आणि काय येतं तर इतिहासातला प्रत्येक पासवर्ड. कधीकाळी कमिट होऊन नंतर काढलेला डेटाबेसचा पासवर्ड बंडलमध्ये जिवंत असतो. ‘गिट फिल्टर-रेपो’नं इतिहास धुता येतो, पण आधी पासवर्डच बदला. कुणाच्या क्लोनमध्ये तो उरलाय हे शोधत बसायला नको.

खिडकीवाला (परभणी)

विंडोजवरच्या गिऱ्हाइकांचं मी घेतो, तिथली दुखणी वेगळी.

‘मायएसक्यूएलडंप अडत > अडत.एसक्यूएल’ हे जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालतं. तीच ओळ विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये टाकली की फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. आकार जवळपास दुप्पट आणि परत लोड होत नाही. बाणाचं चिन्ह वापरूच नका, ‘--रिझल्ट-फाइल=अडत.एसक्यूएल’ द्या.

माझी नेहमीची ओळ:

मायएसक्यूएलडंप --डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल=सी:\गुप्त\बॅकअप.सीएनएफ --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स --नो-टेबलस्पेसेस --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ --रिझल्ट-फाइल=... अडत

डिफॉल्ट्स-एक्स्ट्रा-फाइल सगळ्यात पहिलं लागतं, मागं टाकलं तर ओळखत नाही. पासवर्ड त्या फाइलीत, कमांडवर नाही. ट्रिगर आपोआप येतात, रूटीन आणि इव्हेंट सांगितल्याशिवाय येत नाहीत. सिंगल-ट्रान्झॅक्शनमुळं एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं आणि दुकानाचं काम थांबत नाही, पण हे फक्त इनोडीबी (मायएसक्यूएलचा टेबल साठवायचा एक प्रकार) टेबलांना लागू. जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेली मायआयएसएएम (जुना प्रकार) टेबलं असतील तर पट्टीची नोंद डंपमध्ये आणि तिची उधारी बाहेर असं होऊ शकतं. आधी ती टेबलं इनोडीबीत बदलून घ्या.

डंप पूर्ण झाला का याची सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे शेवटची ओळ. ‘डंप कंप्लीटेड ऑन’ असं असलं पाहिजे. नसेल तर फाइल अर्धी आहे, आकार कितीही मोठा दिसो.

आता मराठी नावं. जुन्या डेटाबेसात टेबल लॅटिन१ (देवनागरी नसलेली जुनी अक्षर-पद्धत) मध्ये असतात आणि पडद्यावर तरी ‘ज्ञानोबा’ नीट दिसतं. कारण जुनं सॉफ्टवेअर यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन१ म्हणून आत ढकलतं आणि तसेच बाहेर काढतं. डंप घेताना मायएसक्यूएल त्यांचं प्रामाणिकपणे पुन्हा रूपांतर करतं आणि अक्षरं दोनदा गुंडाळली जातात. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, ‘सिलेक्ट हेक्स(नाव)’ करून आतले खरे बाइट बघा. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, त्याची सुरुवात ई०ए४ किंवा ई०ए५ अशी दिसली पाहिजे. टेबल यूटीएफ८एमबी४ असून सी३ए०सी२ए४ दिसलं तर दोनदा गुंडाळलंय, ते उलट फिरवून सोडवता येतं. नुसतं ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत, नाव गेलं. ते कुठल्याच बॅकअपमधून येणार नाही, जुन्या वह्या काढा.

टास्क शेड्युलरमध्ये ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा’ ही खूण लावा. दुकानं रात्री मशीन बंद करूनच जातात, रात्री २ चा टास्क तिथं कोण चालवणार?

मोंढा_टर्मिनल (लातूर)

हेक्सचं लई कामाचं सांगितलंत. आता लाईट आणि नेट. रात्री २ ला लाईट नसली आणि इन्व्हर्टर बसला तर क्रॉन ती वेळ सोडूनच देतो ना?

वेरूळ_रूट (छत्रपती संभाजीनगर)

देतो. क्रॉनऐवजी सिस्टमडी टायमर लावा: ‘ऑनकॅलेंडर=*-*-* ०२:००:००’ आणि ‘पर्सिस्टंट=ट्रू’. मशीन बंद असताना वेळ हुकली तर चालू झाल्यावर लगेच काम सुटतं. पण डंप सुरू झाल्यावर लाईट गेली तर पर्सिस्टंट वाचवत नाही, कारण टायमरच्या हिशोबी काम सुटलेलं असतं. म्हणून बूट झाल्यावर चालणारी वेगळी तपासणी ठेवा: शेवटची खऱ्या नावाची फाइल २६ तासांपेक्षा जुनी असेल तर बॅकअप पुन्हा सोडायचा. वर ‘फ्लॉक’ (एका वेळी एकच काम चालू देणारं कुलूप) घाला, नाहीतर दोन डंप एकाच वेळी सुरू होतात.

नेटचा हिशोब. २ मेगाबिट म्हणजे सेकंदाला पाव एमबी, तासाला ९०० एमबी, तेही सगळं नेट बॅकअपलाच दिलं तर. रोज पूर्ण फाइल वर पाठवणं परवडत नाही. इथं रेस्टिक वापरा. तो फाइलीचे तुकडे पाडून आधी न गेलेले तेवढेच पाठवतो, आणि सगळं कुलूपबंद करूनच पाठवतो.

यात सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: आधीच दाबलेली फाइल रेस्टिकला देणं. डेटात एक ओळ बदलली की दाबलेल्या फाइलीचे पुढचे बाइट सगळे बदलतात, तुकडे जुळत नाहीत आणि रोज जवळपास पूर्ण फाइल वर जाते. रेस्टिकसाठी वेगळा डंप ‘--कंप्रेस=०’नं घ्या. दाबायचं काम रेस्टिक ०.१४ पासून स्वतः करतो. बालाघाट भाऊंचा झेडएसटीडीवाला डंप ऑफिसातल्या दुसऱ्या डिस्कवर राहू द्या, पटकन रिस्टोअर करायला तोच बरा.

पीजी_डंप थेट रेस्टिकच्या स्टँडर्ड इनपुटमध्ये पाइप केला तर परत तेच: डंप मध्ये तुटला तरी रेस्टिक अर्धवट डेटाचा स्नॅपशॉट चांगला म्हणून जमा करतो. नव्या आवृत्त्यांत ‘--एसटीडीइन-फ्रॉम-कमांड’ आहे, त्यात आतली कमांड फसली तर स्नॅपशॉट बनतच नाही.

दिवसा ‘--लिमिट-अपलोड १२०’. हा आकडा सेकंदाला किबीबाइटमध्ये असतो, मेगाबिटमध्ये नाही, म्हणजे तुमच्या लाइनचा साधारण अर्धा. ठेवायचं किती: ‘रेस्टिक फर्गेट --कीप-डेली ७ --कीप-वीकली ५ --कीप-मंथली १२ --प्रून’. प्रून नाही दिलं तर यादीतून नाव जातं, जागा सुटत नाही. लाईट गेल्यावर रेस्टिकचं ‘काम चालू आहे’ हे कुलूप (लॉक) अडकून राहतं. दुसरीकडं कुठं रेस्टिक चालू नाही याची खात्री करून ‘रेस्टिक अनलॉक’. महिन्याला ‘रेस्टिक चेक --रीड-डेटा-सबसेट=१०%’. नुसता चेक डेटाचे बाइट वाचत नाही.

आरक्लोन (फाइल नेटवरच्या साठवणीत नेणारं साधन) वापरणार असाल तर ‘सिंक’ आणि ‘कॉपी’ यांत गफलत करू नका. सिंक हे समोरचं इकडच्यासारखं करतं. इकडं फोल्डर रिकामं झालं की तिकडचंही रिकामं.

तेरणा (धाराशिव)

इतकं सगळं करून रात्री २ ते दुसऱ्या रात्री २ मधला डेटा उघडाच आहे. मोंढ्यात दुपारी ४ ला डिस्क गेली तर दिवसभराच्या पट्ट्या गेल्या. हंगामात हे चालणार आहे का? नसेल तर रोजचा डंप पुरत नाही, पोस्टग्रेसच्या व्हॉल फाइल (डेटाबेसातल्या प्रत्येक बदलाची सलग नोंद) जमवाव्या लागतील. त्यासाठी पीजीबॅकरेस्ट किंवा व्हॉल-जी ही तयार साधनं घ्या, हातानं ‘आर्काइव्ह_कमांड’ लिहीत बसू नका.

हिशोब सांगते. एक व्हॉल फाइल १६ एमबीची. ‘आर्काइव्ह_टाइमआउट’ (फाइल भरली नाही तरी बंद करून पाठवायची मुदत) ५ मिनिटं ठेवला तर १० तासांच्या कामात कमीत कमी १२० फाइल, म्हणजे १,९२० एमबी. दाबल्यावर बरंच कमी होतं, कारण वेळेआधी बंद झालेल्या फाइलीचा मोठा भाग रिकामा असतो. तुमच्या लाइनवर हे बसतं.

धोका एकच, पण तो ठाऊक पाहिजे. आर्काइव्ह फसत राहिलं तर पोस्टग्रेस जुन्या व्हॉल फाइल पुसत नाही. नेट दोन दिवस बंद, डिस्क लहान, आणि पीजी_व्हॉल भरून डेटाबेसच बसला, असं होतं. म्हणून आर्काइव्ह आधी ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर, तिथून सावकाश वर. आणि डिस्क ८० टक्के भरली की ओरडणारी तपासणी.

बालाघाट_बॅश (बीड)

तेरणा ताईंशी सहमत, पण ज्याला डंपचं रिस्टोअर जमत नाही त्यानं व्हॉलच्या नादी लागू नये. आधी दोन आठवडे डंपचं नीट बसू द्या.

ओरडण्याबद्दल एक सांगतो. ‘फसलं की मेल’ ही पद्धत उलटी करा. झालं की स्क्रिप्टनं शेवटच्या ओळीत बाहेरच्या एका पत्त्यावर ‘कर्ल’नं टिचकी मारायची, आणि २६ तासांत टिचकी आली नाही तर त्या बाहेरच्या मशीननं बोंब मारायची. सर्व्हरच बंद असेल तर तो मेल पाठवणार कसा?

गोदाकाठ (नांदेड)

रिलीज आणि बॅकअप जोडायचा मुद्दा राहिला. माझी पद्धत: रिलीज स्क्रिप्ट आधी डंप घेते आणि फाइलीच्या नावात गिट डिस्क्राइब घालते, अडत-व्ही१.३.९-तारीख-वेळ.डंप. मग मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल), मग कोड. सहा महिन्यांनी जुना डंप उघडायची पाळी आली तर त्याच्याशी जुळणारा कोड कुठला हे नावातच असतं. गडबड झाली तर डंप लावला आणि जुना टॅग चढवला, मोकळं.

तेरणा (धाराशिव)

नाव देणं छान, पण ‘डंप लावला, मोकळं’ याला माझा विरोध आहे. सकाळी ७ ला रिलीज केलं, गडबड दुपारी १ ला कळली. सकाळचा डंप लावला तर मधल्या सहा तासांच्या पट्ट्या पुसल्या जातील, आणि शेतकरी तोवर पट्टी खिशात घालून गावाकडं गेलेला असतो. कोड टॅगनं मागं नेता येतो, डेटा तसा नेता येत नाही. म्हणून मायग्रेशनच असं लिहा की जुना कोड नव्या रचनेवर चालला पाहिजे.

समजा ‘हमाली’ आणि ‘तोलाई’ हे दोन रकाने जाऊन ‘खर्च’ असं वेगळं टेबल करायचंय. पहिल्या रिलीजमध्ये फक्त नवं टेबल. दुसऱ्यात कोड दोन्हीकडं लिहितो, वाचतो मात्र जुनं, आणि मागचा डेटा ५,००० ओळींच्या टप्प्यानं भरायचा. तिसऱ्यात नवं वाचायला लागायचं. जुने रकाने त्यानंतरच्या एखाद्या निवांत रिलीजमध्ये काढायचे, हंगामात तर नाहीच. रकाना काढायच्या रिलीजआधी मात्र तुमचा डंप हवाच.

तोही पूर्ण लावायचा नाही. बाजूला रिकामा डेटाबेस करून ‘पीजी_रिस्टोअर --टेबल=पट्टी’ करायचं आणि हवे ते आकडे तिथून उचलायचे. अशा रिस्टोअरमध्ये टेबलाचे इंडेक्स येत नाहीत, वेळ लागतोय म्हणून घाबरू नका.

गोदाकाठ (नांदेड)

पटलं. एक भर घालतो: रात्रीचा डंप चालू असताना मायग्रेशन सोडू नका. पीजी_डंप टेबलांवर हलकं कुलूप धरतो, साध्या वाचन-लेखनाला त्याचा त्रास नाही. पण ‘ऑल्टर टेबल’ त्या कुलपामागं थांबतं, आणि ऑल्टरच्या मागं येणारा प्रत्येक साधा सिलेक्टसुद्धा रांगेत उभा राहतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सर्व्हर मेला. मायग्रेशनच्या सुरुवातीला ‘सेट लॉक_टाइमआउट = ५ सेकंद’ लिहा, कुलूप मिळालं नाही तर ते स्वतः माघार घेतं. डंप आणि रिलीज एकाच फ्लॉक फाइलीवर बांधले तर हा प्रश्नच येत नाही.

मोंढा_टर्मिनल (लातूर)

असं जुळवतोय: ऑफिसातला झेडएसटीडी डंप सिस्टमडी टायमरनं, ग्लोबल्स सोबत, नावात टॅग. त्यानंतर रेस्टिक. रविवारी बंडल. रिलीज जीएचनं, व्हेरिफाय-टॅगसह, आणि तिन्हींवर एकच फ्लॉक. व्हॉल दिवाळीनंतर. रिस्टोअरची चाचणी नेमकी काय काय तपासून करायची?

बालाघाट_बॅश (बीड)

दर रविवारी वेगळ्या मशीनवर, तिथं जुना काहीही डेटा नसताना. आधी ग्लोबल्स ‘पीएसक्यूएल’नं, मग ‘क्रिएटडीबी अडत_चाचणी’, मग ‘पीजी_रिस्टोअर --एक्झिट-ऑन-एरर --जॉब्ज=४ --डीबीनेम=अडत_चाचणी’. एक्झिट-ऑन-एरर नसेल तर तो चुका मोजत शेवटपर्यंत जातो आणि त्या वाचायला कोणी बसत नाही. ‘--क्लीन’ या स्क्रिप्टमध्ये चुकूनही नको. डेटाबेसचं नाव एक शब्द चुकलं तर ते खऱ्या टेबलांवर चालतं.

झाल्यावर ‘व्हॅक्यूमडीबी --ॲनालाइझ-ओन्ली’. १६ च्या डंपमध्ये आकडेवारी येत नाही, तिच्याशिवाय पहिल्या क्वेरी कासवासारख्या चालतात आणि लोक रिस्टोअर बिघडलं समजतात.

मोजायचं काय: नुसती ओळींची संख्या पुरत नाही. शेवटच्या पट्टीची तारीख कालची आहे का, कालच्या सगळ्या पट्ट्यांची बेरीज खऱ्या सर्व्हरवरच्या बेरजेशी पैशापर्यंत जुळते का, आणि दहा शेतकऱ्यांची नावं मराठीत नीट येतात का. सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती मिनिटं लागली तेही लॉगमध्ये टाका. दुकानदार फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो.

वेरूळ_रूट (छत्रपती संभाजीनगर)

.पीजीपास फाइलची परवानगी ०६०० ठेवा. त्याहून ढिली असेल तर पोस्टग्रेस ती फाइल बाजूला टाकतं, आणि टायमरमधून चाललेली स्क्रिप्ट पासवर्डवर अडते.

आणि रेस्टिकचा पासवर्ड. तो हरवला तर डेटा कोणालाच उघडता येत नाही, रेस्टिक बनवणाऱ्यांनाही नाही. तो फक्त त्याच सर्व्हरच्या फाइलीत असेल तर सर्व्हर गेल्यावर बॅकअपही गेला. ‘रेस्टिक की ॲड’नं दुसरी किल्ली करा आणि ती कागदावर लिहून ऑफिसबाहेर, मालकाच्या घरच्या कपाटात ठेवा. रविवारची चाचणी अधूनमधून त्याच कागदावरच्या किल्लीनं उघडून करा. हातानं लिहिताना शून्य आणि ओ यांची गल्लत झाली असेल तर तेव्हाच कळेल.